आगटीवरची निवडणूक

हुरड्याचे दिवस आले की लोकांना भूक लागते, मला धडकी भरते. संक्रांत जवळ आली की सूनबाई विचारते, "आत्याबाई, शेतात येता का हुरड्याला?" आणि मी गुडघ्यांचं निमित्त पुढं करते. गुडघे काही इतके वाईट नाहीत. आगटीचा धूर, गोवऱ्यांच्या इंगळात कणसं खुपसली की येणारा तो गोड करपट वास, तळहातावर चोळलेल्या दाण्यांचा चटका, हे सगळं मला अजून आवडतं. पण त्या वासाबरोबर एक दुपार येते, आणि ती मला नको असते.

यंदा तर कहर झाला. आमच्या नातवाच्या पक्षात जिल्हाध्यक्ष कोण व्हावा यावरून दोन गट पडलेत. नातू रोज संध्याकाळी घसा बसवून घरी येतो. परवाच्या सभेत खुर्च्या उडाल्या म्हणे. मी विचारलं, "का रे, अध्यक्ष झाल्यावर काय मिळतं?" म्हणाला, "आज्जी, मान मिळतो, गाडी मिळते, पुढच्या बारीला तिकीट मिळतं." मी म्हटलं, "आमच्या बारीला बेडी मिळायची." तो हसला. त्याला वाटलं, आजी गंमत करून राह्यली.

गंमत कसली. पोलीस ॲक्शनच्या आधीचा तो हिवाळा. पिंपळगाव रेणुकाई माझं माहेर, तिथून वऱ्हाड हाकेच्या अंतरावर. धावड्याच्या बाजाराला तिकडची माणसं यायची आणि सांगायची, आमच्याकडं कचेरीवर झेंडा लागला, साखर वाटली. आम्ही ऐकून घ्यायचो आणि मुकाट्यानं मिरच्यांचा भाव करायचो. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. सभा भरवायची तर परवानगी काढा, आणि आमच्या पक्षावर तर बंदीच. त्याचं नाव मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. घरात आम्ही नुसतं 'काम' म्हणायचो. मालक कुठं गेलेत? कामाला गेलेत. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय कष्टाळू माणूस आहे.

त्या कामाचा नियम असा, की जो अध्यक्ष होईल त्यानं भर बाजारात झेंडा घेऊन उभं राहायचं, आणि धरायला आले की हात पुढे करायचे. पहिले अध्यक्ष दसऱ्याच्या सुमाराला आत गेले. दुसरे दिवाळीच्या तोंडावर. आता तिसरा निवडायचा होता आणि त्या जागेसाठी दोघं हटून बसले होते. एक माझा नवरा. दुसरा माझा सख्खा थोरला भाऊ. वाचणाऱ्याला वाटेल, बाई रचून सांगते. रचून सांगायचं असतं तर मी एक तरी परका माणूस घातला असता.

आमचे मालक जालन्यात एका खाजगी शाळेत मास्तर. उर्दू अशी बोलायचे की कचेरीतले लोकसुद्धा जरा सावरून बसायचे. त्यांचं म्हणणं, अध्यक्ष शहरातला पाहिजे, बोलणं-चालणं जाणणारा पाहिजे, नाहीतर सरकार आपल्याला गुराखी समजेल. दादा शेतकरी. दोन बैलजोड्या, काळी जमीन, आणि रागीट डोकं. मला अक्षरं त्यानंच शिकवली, खळ्यावरच्या धुळीत काडीनं काढून. त्याचं म्हणणं, शहरवाले नुसते ठराव करतात, मार खातात ती खेडी, तर पुढं उभं राहायचा मान खेड्याचा. दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. एकजण चुकीचा असता तर मी त्याच्याशी भांडले तरी असते.

त्या भाऊबिजेला दादा बैलगाडीनं आला. ओसरीवर पाट मांडला, मी तबक घेऊन उभी राहिले. मालक आतल्या खोलीत.

"दाजी न्हाईत का घरी?" दादानं विचारलं.

"हायेत. आत हायेत."

आतून आवाज आला, "ज्याला अमीनाशी दोन वाक्यं बोलता येत न्हाईत, त्यानं अध्यक्ष व्हायच्या गोष्टी करू नयेत म्हणावं." अमीन म्हणजे आमच्याकडचा फौजदार.

दादा पाटावरूनच म्हणाला, "अमीनाशी बोलायचंच कशाला? झेंडा काय उर्दूत असतो का?"

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. निरांजन हलायला लागलं. दादानं ते बघितलं, माझा हात धरून तबक खाली ठेवायला लावलं आणि हळूच म्हणाला, "अनसे, ही आमच्या दोघांची बात हाय. तू मधी येऊ नको." मधी येऊ नको म्हणे. मी मधे नव्हते तर कुठं होते? थोरली लेक कडेवर, दुसऱ्याची चाहूल लागलेली. मालक निवडून आले तर माझं घर उघडं पडणार. दादा निवडून आला तर माझं माहेर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते इतकं सरळ माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मालक जेवताना बोलेनासे झाले. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची, दबक्या आवाजात बोलायची, आणि मी पाणी घेऊन गेले की गप्प व्हायची, कारण मी 'तिकडची' होते. माहेरी निरोप धाडावा तर वहिनी निरोप्यालाच विचारायची, मास्तरांनी काही विचारून घ्यायला सांगितलंय का म्हणून, कारण मी 'इकडची' होते. भोकरदनकडं कुणीतरी उठवलं की मास्तर अमीनाच्या घरी जेवून आले. जालन्यात कुणीतरी उठवलं की नारायणराव, म्हणजे दादा, दारू पिऊन झेंडा नाचवतो. माझ्या दादानं आयुष्यात दारू शिवली नाही, आणि मालक अमीनाच्या घरी पाणीसुद्धा प्याले नव्हते. एकाच राज्याशी भांडायला निघालेली ही माणसं एकमेकांची अशी लक्तरं काढत होती. मला दोन्हीकडच्यांचा राग यायचा, अजून येतो.

मी पिंपळगावच्या रेणुकाईला मनातल्या मनात हात जोडले. म्हटलं, आई, मालक पडू दे. लगेच जीभ चावली, कारण मालक पडले म्हणजे दादा आला. मंग म्हटलं, आई, तूच काय ते बघ. देवीपाशी इतकं मोघम कुणी मागत नसेल.

निवडणूक घ्यायची कशी, हा प्रश्न होता. परवानगी मागायला गेलं तर तिथंच धरतील. तोड काढली मोतीलालशेठनी. शेठजी जालन्यातले सरकी-कापसाचे व्यापारी. त्यांचे आजे राजस्थानातून आलेले, पण शेठजींचं मराठी आमच्यापेक्षा ठसठशीत. ते कुणाच्याच बाजूचे नव्हते. ते म्हणाले, "हुरडा करू. हुरड्याला कोण परवानगी मागतं?" खरंच होतं. त्या दिवसांत ज्याच्या त्याच्या शेतात आगटी पेटलेली, पाव्हणेरावळे बसलेले. बायकापोरं बरोबर आणा म्हणाले, म्हणजे कुणाला संशय यायचा नाही. म्हणून मी गेले, म्हणून वहिनी आली.

अंबडच्या रस्त्याला, कुंडलिका नदीच्या पलीकडं केरबाचं शेत. केरबा आमच्या कामातला, पण त्याहून मोठा यजमान. त्याच्या आगटीवर आलेला माणूस रिकाम्या हातानं बसलेला त्याला चालायचा नाही. आधी तळहातावर काहीतरी ठेवायचं, मंग नाव-गाव विचारायचं, अशी त्याच्या बापापासूनची रीत. भोकरदनकडून, अंबडकडून गाड्या आल्या. अंतरवालीची माणसं पायी आली. सगळे आगटीभोवती गोल बसले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय मजेत आहेत लोक. जवळून बघितलं तर कुणाच्या तोंडात घास फिरत नव्हता.

कागदाचं मत नको, कागद सापडतो, असं शेठजींनी आधीच ठरवलेलं. प्रत्येकाच्या हातावर एक फुटाणा आणि एक भाजलेला शेंगदाणा ठेवला. मालकांना मत द्यायचं त्यानं फुटाणा मडक्यात टाकायचा. दादाला द्यायचं त्यानं शेंगदाणा. "आणि उरलेला दाणा खाऊन टाकायचा," शेठजी म्हणाले. "एक मडक्यात, एक पोटात. पुरावा ऱ्हायला न्हाई पायजे." मडक्याच्या तोंडावर फडकं बांधून हात जाईल एवढी फट ठेवली होती. मडकं फिरायला लागलं. नुसता दाणा चावल्याचा आवाज यायचा. अंतरवालीच्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं दोन्ही दाणे तोंडात टाकले. शेठजींनी कपाळाला हात लावला, "बाबा, तुमचं मत तुम्हीच गिळलं." एरवी माणसं पोट धरून हसली असती. तिथं कुणी हसलं नाही.

दाणे निवडायचं काम शेठजींनी मला दिलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. म्हणाले, "बाईंचं दोन्हीकडून घरचंच माणूस हाय. त्या कुणाकडं झुकणार? त्यांनी वेगळे करावेत, मंग मी सगळ्यांदेखत मोजतो." दोन्ही बाजूंनी माना हलल्या. तेवढ्या एका गोष्टीवर त्या दिवशी सगळ्यांचं एकमत झालं.

मी ज्वारीच्या ताटांच्या आडोशाला बसले. मडकं सुपात रिकामं केलं. फुटाणे एकीकडं, शेंगदाणे एकीकडं. निवडून झालं आणि बघितलं. शेंगदाण्यांचा ढीग मोठा होता. थोडाथोडका नव्हे, उठून दिसेल इतका. मोजायचीसुद्धा गरज नव्हती. दादा आला होता. माझे मालक वाचले होते. मला जे वाटलं ते सांगायला हवं: आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मंग दादाच्या हातातली बेडी डोळ्यांपुढं आली.

सूप उचलून मी आगटीकडं निघाले. तेवढ्यात बांधावर राखणीला बसवलेला माणूस मोठ्यानं खोकला. तीच खूण ठरलेली. वळून बघते तर अमीन घोड्यावरून येतोय, मागं दोन जवान. मी सूप आगटीजवळ ठेवलं आणि डोक्यावरचा पदर ओढून बायकांत जाऊन बसले. पुरुष भराभरा कणसं चोळायला लागले.

"क्या चल रा यहाँ?" घोड्यावरून उतरत अमीनानं विचारलं.

"हुरडा हाय, साब. बसा, बसा," केरबा म्हणाला. आणि बोलता बोलता, काही कळायच्या आत, त्यानं हाताला लागलं ते सूप उचललं आणि अमीनाच्या ओंजळीत तिरपं केलं. फुटाणे-शेंगदाणे सगळे एक झाले. केरबानं ते केल्यावर त्याचा चेहरा असा उतरला, की मला त्याचीच दया आली. त्यानं फितुरी केली नव्हती. दारी आलेल्याच्या हातावर आधी काहीतरी ठेवायचं, एवढंच त्याच्या हातांनी केलं.

अमीन खाली बसला आणि खायला लागला. जवानांनाही मूठमूठ दिले. एका बाजूला मालक, एका बाजूला दादा, दोघांच्या नजरा त्याच्या तोंडाकडं. कितीतरी दिवसांनी ते दोघं एकाच गोष्टीकडं बघत होते.

"शेंगदाना अच्छा है. किस के खेत का?"

"हमारे," दादा म्हणाला.

अमीन तसा वाईट माणूस नव्हता. हुरडाही खाल्ला, गूळ मागून घेतला. पण शंका त्यालाही आली असावी. उठताना म्हणाला, दिवस बुडायच्या आधी सगळ्यांनी घरी जायचं. आणि बोलून गेला नाही, गाड्या जुंपेपर्यंत बांधावर उभा राहिला.

पुन्हा मतं घ्यायला वेळ नव्हता. इतकी माणसं परत जमवणं त्या दिवसांत शक्य नव्हतं. अध्यक्षाचं नाव घेऊन जायला वरच्या कमिटीचा माणूस शेठजींच्या दुकानात थांबलेला. बैलांना पाणी पाजायच्या निमित्तानं सगळे विहिरीपाशी गोळा झाले. शेठजी माझ्यासमोर आले. "बाई, दाणे तुम्ही एकटीनं पाह्यले. बोला जल्दी. कोण?"

तेव्हा मला कळलं, मी कशात सापडले ते. दादाचं नाव घेतलं तर सगळे म्हणणार, बघा, नवऱ्याला वाचवलं. मालकांचं घेतलं तर बिलकुल कुणी शंका घेणार नाही. कुठली बाई खोटं बोलून आपला नवरा तुरुंगात धाडेल? खरं बोलले तर मी खोटी ठरणार होते, आणि खोटं बोलले असते तर सत्यवचनी. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. दादा जमिनीकडं बघत होता.

मी म्हणाले, "दादा."

मंग जालन्याच्या माणसांत कुणीतरी नाकातून हसलं. मालक पुढं आले. इतक्या दिवसांनी माझ्याशी मऊ आवाजात बोलले, "अगं, नीट आठव."

"नीट आठवलंय."

"भ्यायचं काही कारण न्हाई. मी हाय."

"मी भ्यालेली न्हाई. दादाच आलाय."

त्यांनी मान फिरवली. वहिनी गाडीपाशी उभी होती, ती म्हणाली, "वन्सं, तुम्ही तुमचं कुंकू राखलं. माझं कुणी राखायचं?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दादानं डोक्याचा पटका सोडून पुन्हा बांधला. "झालं मंग," तो म्हणाला. "बहिणीनं सांगितलं ते बराबर." आणि सरळ मालकांसमोर जाऊन उभा राहिला. "दाजी, आता घरदार तुम्ही बघा. तुमचंबी, माझंबी." मालकांनी मान हलवली. भाऊबिजेपासून तुटलेलं त्यांचं बोलणं असं जुळलं.

पुढच्या बाजारी दादा झेंडा घेऊन उभा राहिला. मी कापडाच्या दुकानाच्या आडून बघितलं. घोषणा पुरती होऊ दिली नाही त्यांनी. त्याचा पटका पडला, तो कुणीतरी उचलून त्याच्या हातात दिला, आणि बेडीच्या हातांनी त्याला तो बांधता येईना. आजही मिरवणुकीत फेटे बांधलेली माणसं बघितली की मी तोंड फिरवते.

मालकांनी शब्द पाळला. पिंपळगावची पेरणी, काढणी, दादाच्या पोरांची शाळा, सगळं जन्मभर बघितलं. वहिनी त्यांना दाजी दाजी करायची, पण माझ्या हातचं पाणी तिनं पुन्हा घेतलं नाही. राज्य गेलं, झेंडा लागला, लोक मालकांकडं आले, म्हणाले, आता तुम्ही तालुक्याचे अध्यक्ष व्हा. मालक म्हणाले, "मी एकदा झालो होतो, तेवढं पुरे." म्हणताना माझ्याकडं बघितलं नाही. मी हजारदा सांगितलं असेल, शपथा घेतल्या, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हणायचे, "बरं." संसार चांगला केला आम्ही, चारचौघांत नाव घ्यावं असा. पण त्या 'बरं'ची चीड मला त्यांच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा यायची. तुरुंगात आपण जायला हवं होतं, हे ओझं त्या माणसानं उगीच वाहिलं. ते त्यांचं नव्हतंच.

परवा नातवाला सगळं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं, आणि शेवटी डोळा मिचकावून म्हणाला, "आज्जी, आता तरी खरं सांग. कोण आलं होतं?" मी म्हटलं, "जा, तुझ्या खुर्च्या उचल जा."

दादा आत गेला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तुरुंगात मला त्याची भेट मिळाली. मालक बाहेर थांबले, भेट एकालाच होती. मधे जाळी. दादा वाळला होता, दाढी वाढलेली, अंगात ताप होता तरी हसत होता. शेताची चौकशी केली, बैलांची केली. मंग इकडं तिकडं बघून जाळीपाशी तोंड आणलं आणि म्हणाला, "अनसे, त्या दिवशी बरं केलंस. मला काही राग न्हाई. दाजी तिथं टिकले नसते. आणि मी कुणाला सांगणार न्हाई."

मी दोन्ही हातांनी जाळी धरली. "दादा, आईशप्पथ, तूच आल्तास. लोकांनी तुलाच मतं दिल्ती. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी."

तो हसला. "हौ, हौ," म्हणाला. लहानपणी मी खोटं बोलताना सापडले की असंच हसून मला सोडून द्यायचा.

पोळ्याच्या आत तो तापातच गेला. भोकरदनच्या, अंबडच्या, अंतरवालीहून पायी आलेल्या माणसांनी आपला म्हणून निवडलेला माझा भाऊ, आपण पडलो असं समजून गेला.